छायाचित्र तिरके की तळे तिरके?

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या मुलांना तिकोना गडावर नेले होते. माथ्यावर पोचल्यावर तटाजवळ मुलांना उभे करून त्यांनी मोबाइल फोनने एक छायाचित्र घेतले. पुढे मुले, खाली दरी आणि मागे पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय. छायाचित्राची प्रत वर्गात लावल्यावर पहिल्याच दिवशी एका मुलाने हरकत घेतली. जलाशयाचा काठ चित्रात उजवीकडे उतरत होता. कोनमापकाने मोजला तर चक्क आठ अंश! "बाई, फोटो वाकडा आलाय, सगळं पाणी उजवीकडे सांडेल," असे म्हणून त्याने दुसरी एक प्रत घेतली, काठ आडवा येईल अशी ती फिरवली आणि कडा कात्रीने कापून चौकट पुन्हा नीट केली. आता काठ आडवा झाला. पण मुले मात्र डावीकडे रेलून उभी असल्यासारखी दिसू लागली. वर्गात दोन तट पडले. बाईंनी दोन्ही प्रती आमच्याकडे पाठवल्या आणि विचारले, "यांतली सरळ कोणती? आणि ते मुलांना पटवून कसे द्यायचे?"

आम्ही प्रती पाहिल्या न पाहिल्याशा केल्या आणि फोनवर सांगून टाकले, की मूळ प्रत बरोबर आहे, कापलेली चूक. हे उत्तरही पुरते खरे नव्हते, हे दोन दिवसांनी लक्षात आले. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मुळापासून जायला हवे.

प्रथम 'सरळ' म्हणजे काय ते ठरवू. कॅमेरा दोन प्रकारे वाकडा धरता येतो. आपण मान खाली-वर करतो, तसा कॅमेराही वर किंवा खाली झुकवता येतो. याला आपण 'झुकाव' म्हणू. कान खांद्याला टेकवण्यासाठी मान कलती करतो, तसा कॅमेराही डावीकडे किंवा उजवीकडे कलता धरता येतो. याला 'कल' म्हणू. गडावरून खालचे पाणी टिपायचे तर झुकाव द्यावाच लागतो, त्यात काही दोष नाही. छायाचित्र तिरके आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपला रोख कलाकडे असतो. चौकटीची खालची कड जमिनीच्या पातळीशी समांतर होती का, एवढाच प्रश्न असतो. गंमत अशी, की चित्र पाहताना या दोहोंची आणि तिसऱ्या एका गोष्टीची, म्हणजे अंतराची, बेमालूम सरमिसळ झालेली असते.

खिडकीच्या काचेवरचे चित्र

अंतराचा खेळ समजण्यासाठी एक प्रयोग वर्गातच करता येतो. खिडकीच्या बंद काचेसमोर एका मुलाला उभे करा. डोके हलू नये म्हणून हनुवटी एखाद्या काठीच्या टोकावर टेकू द्या, आणि एक डोळा मिटून समोरच्या इमारतीच्या किंवा कुंपणाच्या कडा काचेवर स्केचपेनने गिरवायला सांगा. इमारत काचेला समांतर नसावी, तिरपी दूर जाणारी असावी. काचेवर उमटेल ते त्या जागेवरून घेतलेले छायाचित्रच होय. कॅमेरा दुसरे काही करत नाही.

आता रेघा पाहा. गच्चीच्या कठड्याची रेघ इमारत दूर जाते तशी खाली उतरलेली दिसेल. जोत्याची रेघ दूर जाता जाता वर चढलेली दिसेल. आणि मुलाच्या डोळ्याच्या पातळीत असलेली एखादी विटांची ओळ सापडली, तर ती मात्र अगदी आडवी. गवंड्याने या तिन्ही ओळी पाण्याच्या नळीने पातळीत घेतलेल्या आहेत. पण काचेवर त्यांतली एकच आडवी राहिली. डोळ्यापेक्षा उंच असलेली पातळीतली रेघ दूर जाताना उतरते, डोळ्यापेक्षा खालची चढते, आणि सगळ्यांची धाव डोळ्याच्या पातळीकडे असते. चित्रकार हे पाचशे-सहाशे वर्षांपासून वापरत आले आहेत.

जलाशयाचे पाणी आपल्या डोळ्यापेक्षा नेहमीच खाली असते. तेव्हा त्याच्या काठाचे दूरचे टोक चित्रात वर आणि जवळचे टोक खाली दिसणार, हे ओघाने आले. काठ आडवा दिसेल तो फक्त एकाच परिस्थितीत: तो आपल्या नजरेला काटकोनात, आडवा पसरलेला असेल तर.

किती तिरका दिसेल? हिशेब समरूप त्रिकोणांचा आहे. फोनच्या नेहमीच्या भिंगाने काढलेले छायाचित्र १५ सेंटिमीटर रुंद छापले, तर ते डोळ्यापासून सुमारे ११ सेंटिमीटरवर धरलेल्या काचेवरच्या चित्रासारखे असते. तिकोन्याचा माथा जलाशयाच्या पाण्यापेक्षा साधारण ४५० मीटर उंच आहे. बाईंच्या चित्रातल्या काठाचे उजवे टोक आम्ही नकाशावर शोधले. ते सुमारे २ किलोमीटरवर भरले. डावे टोक सुमारे ६ किलोमीटरवर. डोळ्याच्या पातळीची रेघ चित्रावर काढली, तर उजवे टोक तिच्या खाली ११ गुणिले ४५० भागिले २०००, म्हणजे जवळजवळ २.५ सेंटिमीटर असायला हवे. डावे टोक ११ गुणिले ४५० भागिले ६०००, म्हणजे ०.८ सेंटिमीटर. दोन टोकांतला फरक १.७ सेंटिमीटरच्या आतबाहेर. ही दोन टोके चित्रात एकमेकांपासून १० सेंटिमीटर दूर आहेत. १० सेंटिमीटरला १.७ सेंटिमीटरची चढण म्हणजे साडेनऊ अंशांचा तिरकेपणा. (कॅमेऱ्याचा झुकाव थोडा धरला तर आकड्यात किंचित फरक पडेल, पण इथे तो सोडून दिला तरी चालेल.)

म्हणजे कॅमेरा ओळंब्यात धरूनही काठ चांगला साडेनऊ अंश तिरका दिसायला हवा! कापणाऱ्या मुलाने पाणी पातळीत असते हे बरोबर ओळखले होते. पातळीतली रेघ चित्रातही आडवीच आली पाहिजे, हे त्याचे गृहीतक मात्र चुकले. पाण्याजवळ उभे राहून काढलेल्या चित्रांत ही चूक फारशी जाणवत नाही, कारण डोळा पाण्यापासून जेमतेम दीड मीटर उंच असतो आणि पलीकडचा सगळा काठ डोळ्याच्या पातळीला चिकटल्यासारखा दिसतो. जितके उंच चढावे तितका तिरकेपणा वाढतो. गडावरून काढलेली चित्रे म्हणूनच जास्त फसवतात.

गडावर असताना पाणी तिरके का वाटले नाही?

हा प्रश्न वर्गातल्या एका मुलीने विचारला होता, आणि तो फार चांगला आहे. गडावर उभे असताना चाळीस मुलांपैकी एकालाही पाणी सांडते आहे असे वाटले नाही.

आपल्या अंतर्कर्णात पातळी ओळखण्याची सोय आहे. तिथल्या दोन लहान पिशव्यांमध्ये मऊ पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक खडे बसवलेले असतात. डोके कलले की गुरुत्वाकर्षणाने हे खडे घसरू पाहतात, खालच्या पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. पायांच्या तळव्यांकडून आणि मानेच्या स्नायूंकडूनही अशाच खबरा येत असतात. मेंदू या सगळ्यांशी डोळ्यांनी दिसलेले जुळवून घेतो. छायाचित्र पाहताना मात्र कान सांगतो तो आपल्या खोलीचा ओळंबा, गडावरचा नव्हे. गडावरच्या ओळंब्याची जागा मग चौकट घेते.

चौकटीचा हा अंमल केवढा असतो, हे हर्मन विटकिन आणि सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले. अंधाऱ्या खोलीत फक्त एक प्रकाशमान चौकट आणि तिच्या आत फिरवता येणारी एक प्रकाशमान काठी दिसे. काठी उभी करा असे सांगितले जाई. चौकट तिरकी ठेवली, की बऱ्याच जणांची काठी चौकटीच्या बाजूला ओढली जाऊन कित्येक अंशांनी चुके, आणि तरीही ती ओळंब्यात आहे असे ते खात्रीने सांगत. सगळ्यांची चूक सारखी नसे. काही जण चौकटीला फारसे भुलत नसत.

लडाखमध्ये लेहजवळ एक चढ 'मॅग्नेटिक हिल' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे बंद गाडी आपोआप चढावर जाते असे सांगतात. चुंबकाचा तिथे काही संबंध नाही. रस्ता खरे तर उतरतच असतो, पण भोवतीच्या डोंगरउतारांमुळे तो चढल्यासारखा दिसतो. इटलीतल्या पाओला ब्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा जागांच्या लहान प्रतिकृती टेबलावर उभारून हाच भ्रम प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवला होता. खरे क्षितिज दिसत नाही, तिथे डोळा मिळेल ती रेघ क्षितिज म्हणून पकडतो.

कोणावर विश्वास ठेवावा?

मग छायाचित्रात विश्वास ठेवण्यासारखे काय असते? सगळ्यात चांगले म्हणजे समुद्राचे क्षितिज. किनाऱ्यावर उभ्या माणसाला ते साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते आणि डोळ्याच्या खऱ्या पातळीपेक्षा ते अंशाच्या पंचविसाव्या भागाइतकेच खाली असते. शंभर मीटर उंच कड्यावर चढले तरी हा फरक अंशाच्या तिसऱ्या भागाइतकाच. शिवाय तो सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे क्षितिज खाली गेले तरी तिरके होत नाही. कॅमेरा वर-खाली झुकवला तर क्षितिज चौकटीत खाली-वर सरकते, पण कल नसेल तर खालच्या कडेला समांतरच राहते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्षितिज चौकटीच्या अगदी वर किंवा खाली आले, तर काही भिंगे त्याला धनुष्यासारखी बाक देतात. आणि आपण पाहतो ते खरोखर क्षितिज आहे, की खाडीचा पलीकडचा काठ किंवा धुक्याचा पट्टा, याची खात्री करावी. कोकणातल्या कितीतरी चित्रांत क्षितिज म्हणून जे दिसते, ते समोरच्या टेकाडाचा पायथा असतो.

घाटमाथ्यावर समुद्र नाही. तिथे लोक डोंगरांच्या कडेलाच क्षितिज म्हणतात. बोलण्यात ते चालते, मोजण्यात चालत नाही. एक उपाय आहे. नकाशावरून उंची माहीत असलेली दोन दूरची शिखरे एकाच चित्रात असली, तर ती पातळी दाखवू शकतात. तिकोन्यावरून उत्तरेकडे पाहिले तर लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसतात. दोघांचे माथे तिकोन्याच्या माथ्याशी थोड्याफार फरकाने बरोबरीचे. जवळचा तुंगही तसाच. पाच-सहा किलोमीटरवर पन्नास मीटरचा फरक म्हणजे फक्त अर्धा अंश, त्यामुळे हे सगळे माथे डोळ्याच्या पातळीच्या रेघेवर मण्यांसारखे ओवलेले दिसतात. बाईंच्या चित्रात दुर्दैवाने लोहगड-विसापूर नव्हते.

आडव्या रेघांपेक्षा उभ्या रेघा एकंदरीत बऱ्या, कारण पातळीतली रेघ कोणत्याही दिशेला जाऊ शकते, ओळंब्याची दिशा मात्र एकच असते. पण तिथेही झुकाव आडवा येतो. कॅमेरा वर झुकवून देवळाचे चित्र घेतले की दोन्ही बाजूंचे खांब आत कललेले दिसतात. कॅमेरा १५ अंश वर झुकवला, तर आपल्या १५ सेंटिमीटरच्या प्रतीत मध्यापासून ७ सेंटिमीटरवर असलेला खांब जवळजवळ १० अंश आत कलतो. खाली झुकवला तर उलट, वरून बाहेर फाकतो. मात्र चित्राच्या बरोबर मधोमध असलेली उभी रेघ, झुकाव कितीही असो, चौकटीच्या बाजूंना समांतरच राहते. म्हणून कल तपासायचा तर चित्राच्या मध्यावरची उभी वस्तू शोधावी. ती नसेल तर मध्यापासून सारख्या अंतरावरच्या डाव्या-उजव्या वस्तू घ्याव्यात. दोन्ही सारख्याच आत कलल्या असतील तर तो झुकाव, एक जास्त आणि एक कमी असेल तर कल.

ती वस्तू मुळात उभी हवी, हे वेगळे सांगायला नको. विजेचे खांब यात अगदीच बेभरवशाचे. किनाऱ्यावरचे माड तर वाकण्याबद्दलच प्रसिद्ध आहेत. उतारावरची झाडेही उतारावर काटकोनात वाढत नाहीत, ओळंब्यात वाढू पाहतात. पण उजेड, वारा आणि घसरती माती त्यांना तसे राहू देत नाहीत. सागाच्या लागवडीतले पन्नास बुंधे एकत्र दिसत असतील तर त्यांच्या सरासरीवर थोडाफार भरवसा ठेवता येईल, एकट्या झाडावर नाही. माणसांचीही हीच गत. ओबडधोबड दगडावर उभा असलेला मुलगा एक पाय वाकवून उभा राहतोच.

आमच्या मते निसर्गातला सर्वांत खात्रीचा ओळंबा म्हणजे संथ पाण्यातले प्रतिबिंब. शांत पाणी हा पूर्ण पातळीत ठेवलेला आरसा असतो. डोंगराचे शिखर पाण्याच्या पातळीपेक्षा जितके वर, तितकेच त्याचे प्रतिबिंब त्या पातळीच्या खाली, आणि तेही बरोबर शिखराच्या खाली, ओळंब्याच्या रेषेत. तेव्हा चित्रातले शिखर आणि त्याचे प्रतिबिंब जोडणारी रेघ ही उभी रेघ झाली. ती चित्राच्या मध्यावर असेल तर चौकटीच्या बाजूला समांतर हवी. नसेल तर कॅमेरा तेवढा कललेला. काठ कसाही वेडावाकडा असो, तिरपा असो, या रेघेला त्याचे काही नाही. थंडीतल्या सकाळी, वारा सुटण्याआधी, गावच्या तळ्याचे एक छायाचित्र घेऊन मुलांकडून अशा चार-पाच रेघा काढून घ्याव्यात. काठ एकीकडे उतरतो आहे आणि प्रतिबिंबांच्या रेघा मात्र ताठ उभ्या आहेत, हे कागदावर स्वतः पाहिले की वादाला जागा राहत नाही.

फोनमधल्या पातळीदर्शकाबद्दलही लिहायला हवे, कारण हल्ली बहुतेक जण त्यावरच विसंबतात. फोन स्थिर असेल तर तो चांगले काम करतो. त्यातला त्वरणमापी गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो. पण त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांत त्याला फरक करता येत नाही. एसटी ताशी ३० किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर आतल्या फोनचा 'ओळंबा' सुमारे ८ अंशांनी बाहेरच्या बाजूला सरकतो. आपल्या कानातल्या खड्यांचेही तेच होते. आगगाडी वळणावर असताना बाहेरची घरे आणि झाडे कललेली दिसतात, हे एर्न्स्ट माखच्या लक्षात आले होते आणि त्यावरून त्याने तोलाच्या संवेदनेवर बरेच काम केले. घाटातल्या एसटीच्या खिडकीतून काढलेली चित्रे तिरकी येतात ती नुसती हात हलल्यामुळे नव्हे.

आमची एक चूक

आता थोडे आमच्याबद्दल. काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही सह्याद्रीच्या कड्यांवर एक तक्ता केला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे कडे झाले. पावसाळ्यात काढलेले एक सुंदर छायाचित्र आमच्याकडे होते. कड्यावर काळ्या बसाल्टच्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या, आणि त्या उजवीकडे उतरत होत्या. आम्ही कोन मोजला, सहा अंश भरला, आणि तक्त्यावर 'येथील थर सहा अंशांनी कललेले आहेत' असे ठोकून दिले.

प्रदर्शन पाहायला आलेल्या नववीच्या एका मुलाने चित्राजवळ नाक नेऊन विचारले, "सर, मग हा धबधबा पण तिरका का पडतोय?"

चित्राच्या जवळजवळ मध्यावर एक बारीक धबधबा होता. कड्यापासून सुटलेला, वाऱ्याने न उडणारा. त्याचे वरचे टोक उजवीकडे झुकलेले होते, दोन अंश. पडणारे पाणी तिरके पडत नाही. म्हणजे कॅमेराच दोन अंश कललेला, आणि सहांपैकी दोन अंश तिथेच गेले. उरलेले चार? आम्ही त्या जागी पुन्हा गेलो. कडा आमच्यासमोर आडवा नव्हता, तिरपा दूर जात होता. डावीकडचा भाग सुमारे ३०० मीटरवर, उजवीकडचा ४०० मीटरवर. आम्ही मोजलेला थर आमच्या डोळ्यापेक्षा ६० मीटर उंच. चित्र थोडे जवळ ओढून घेतलेले होते, म्हणजे काच डोळ्यापासून २० सेंटिमीटरवर धरल्यासारखे. डावे टोक डोळ्याच्या पातळीच्या वर ४ सेंटिमीटर, उजवे ३ सेंटिमीटर, आणि मधले अंतर १४ सेंटिमीटर. चौदाला एक, म्हणजे चार अंश! डोळ्यापेक्षा उंच रेघ दूर जाताना उतरते, हा खिडकीच्या काचेवरचा नियम आम्हाला पाठ होता आणि तरीही आम्ही फसलो. थर प्रत्यक्षात पातळीतच होते. घाटमाथ्याच्या बहुतेक भागात त्यांचा कल एक अंशाहूनही कमी असतो.

आता याची दुसरी बाजू. पनवेलच्या पट्ट्यात आणि पुढे साष्टी-मुंबईकडे हेच थर खरोखरच पश्चिमेकडे वाकलेले आहेत. मुंबई परिसरात दहा-पंधरा अंशांचे कल आढळतात. भारताचा पश्चिम किनारा कसा घडला, याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे. समजा तिथे कोणी छायाचित्र घेतले आणि छापताना 'वाकडे आले आहे' म्हणून थर आडवे होईपर्यंत फिरवले, तर तो पुरावाच पुसला गेला. पुस्तकासाठी चित्रे निवडणारे आणि मांडणी करणारे हे अगदी चांगल्या हेतूने करतात. हल्ली तर फोनही एका बोटासरशी 'सरळ करू का?' असे विचारतो. कशाच्या आधारे सरळ, हे तो सांगत नाही.

यावर साधी तोड अशी, की मोजमापासाठी चित्र घ्यायचे तर ओळंबा चित्रातच टांगावा. काठीला दोरा आणि दोऱ्याला दगड, एवढे पुरते. दोरा चौकटीच्या मध्याजवळ यावा आणि वाऱ्याने हलू नये. दोऱ्याऐवजी अर्धी भरलेली पारदर्शक बाटलीही चालते. डोळ्याच्या उंचीवर धरली, की आतल्या पाण्याची कड एक आडवी रेघ दिसते. ही रेघ तळ्याच्या काठासारखी फसवत नाही, कारण बाटलीची दोन्ही टोके आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात आणि पाणी डोळ्याच्या पातळीतच असते.

बाटलीवरूनच बाईंच्या छायाचित्राचा निकाल लागला. आमच्या हिशेबाने काठ साडेनऊ अंश तिरका हवा होता. चित्रात तो आठच भरत होता. दीड अंश कुठे गेला, हे कळेना. नकाशावरची अंतरे मोजण्यात चूक झाली असेल असे धरून आम्ही विषय सोडणार होतो. मग मूळ चित्र मागवून संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले. जवळजवळ मधोमध उभ्या असलेल्या एका मुलीने हात बाजूला ताणून पट्ट्याने पाण्याची बाटली धरली होती. बाटली पट्ट्याला मोकळी लोंबत होती. तो पट्टा चौकटीच्या बाजूला समांतर नव्हता. त्याचे वरचे टोक डावीकडे कललेले होते, दीड अंशाने.

तेव्हा मूळ छायाचित्र तिरके होतेच. पण ते सरळ करायला काठ वर उचलायचा नव्हता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दीड अंश फिरवून आणखी उतरता करायचा होता. मुलाने ते उलट दिशेला आठ अंश फिरवले. आम्ही फोनवर 'मूळ प्रत बरोबर' म्हणालो, तेही दीड अंशाने चूक. बाईंनी आता तिसरी प्रत छापून घेतली आहे. तिच्यात बाटली सरळ लोंबते आणि पाणी उजवीकडे पहिल्यापेक्षाही जास्त सांडते. तिन्ही प्रती भिंतीवर एकाखाली एक लावल्या आहेत, आणि सहावीची मुले येऊन मधली सर्वांत बरोबर असल्याचे सांगून जातात, असे त्यांनी कळवले आहे. मधली म्हणजे कात्रीने कापलेली.